घराण्यातले आजार : नाहीत

माझी पहिली कादंबरी ज्या थोड्याफार वाचकांनी वाचली असेल, त्यांना तिचा शेवट कदाचित आठवत असेल. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधला एक फिटर. १९७४ च्या मे महिन्यातला देशभरचा संप. वीस दिवस पगार नाही, क्वार्टर खाली करावं लागेल ही धास्ती, शेजारच्या बिऱ्हाडातला माणूस पहाटे पकडून नेलेला. संप मागे घेतला जातो, भोंगा पुन्हा वाजू लागतो, आणि पंधरवड्याने एका सकाळी तो फिटर मोरीत तोंड धुताना कोसळतो. कादंबरी फारशी खपली नाही. पण वर्कशॉपमधल्या जुन्या मंडळींनी ती हातोहात फिरवली, आणि दोघातिघांनी घरी येऊन माझे हात हातात घेतले. तो फिटर म्हणजे माझेच वडील, हे मी कधी लपवलं नव्हतं.

आज पासष्टीत लिहायला बसलो आहे ते हे सांगायला, की त्या कादंबरीतलं मरणाचं कारण चुकलं आहे. कादंबरी १९९४ सालची. कारण चुकलं आहे हे मला १९९९ पासून माहीत आहे.

त्याचं असं झालं. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. बढतीच्या आधी वैद्यकीय तपासणी व्हायची. ती बहुधा नावापुरतीच असे, पण त्या वर्षीच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि दोनदा मोजून पाहिलं. रक्तदाब १७० वर ११०. वय एकोणचाळीस. मी म्हटलं, मार्चअखेर आहे, ताळेबंद जुळत नाहीये, आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली. चार दिवसांनी मी एका मूत्रपिंडविकारतज्ज्ञांसमोर बसलो होतो. त्यांनी लेटरपॅडच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. मला वाटलं, द्राक्षाचा घड काढतायत. ती माझी किडनी होती.

‘पॉलिसिस्टिक किडनी’ हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होतात, वाढतात, आणि मधल्या चांगल्या भागाला चेपत जातात. आजार रक्तातून येतो. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडे असला तरी पुरे; प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे दोन मुलं असली तर एकाला होणार आणि दुसरं सुटणार, असा हिशेब नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं. दोघांनाही होऊ शकतो, दोघंही सुटू शकतात. एवढं सांगून डॉक्टरांनी विचारलं, ‘वडील कशाने गेले?’

मी म्हटलं, ‘संपाचा धसका घेतला.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘धसका म्हणजे नेमकं काय झालं? तुम्ही होतात तिथे?’

मी होतो. चौदा वर्षांचा होतो. वडील चव्वेचाळिसचे. तोंडावर पाणी मारता मारता ते एकदम ओरडले, ‘अगं, डोक्यात घण घातला कुणी!’ फिटर माणूस, त्याला तीच उपमा सुचणार. मग भिंतीला धरून बसले, ओकले, मान वाकवता येईना, उजेड नको म्हणाले. तासा-दोन तासांत शुद्ध गेली. परळच्या हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. कादंबरीत हे सगळं मी लिहिलंच होतं, घणासकट. फक्त त्या घणाला मी संप हे नाव दिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, ‘छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही, कारण तेव्हा कुणी पाहिलं नाही. पण तुमची सोनोग्राफी समोर ठेवून विचारलंत, तर मेंदूतल्या धमनीला फुगा होता आणि तो फुटला. संपाने रक्तदाब वाढवला असेल. फुगा मात्र आधीपासून असणार.’

मूत्रपिंडाच्या आजारात मेंदू कसा काय आला? मलाही हाच प्रश्न पडला होता. या आजारात ज्या जनुकात बिघाड असतो ती दोन: एक सोळाव्या गुणसूत्रावर, ते १९९४ मध्ये सापडलं, दुसरं चौथ्यावर, ते १९९६ मध्ये. त्यांच्यापासून तयार होणारी प्रथिनं फक्त मूत्रपिंडातच नव्हे, इतर ठिकाणीही काम करतात, त्यात रक्तवाहिन्यांच्या भिंतीही आल्या. म्हणून यकृतात गाठी होतात, काहींच्या हृदयाची झडप सैल असते, आणि काहींच्या मेंदूच्या धमनीचा एखादा तुकडा सायकलच्या ट्यूबसारखा फुगतो. साधारण माणसांत शंभरांत दोघातिघांना असा फुगा असतो. या आजाराच्या रुग्णांत आठ ते दहा जणांना. आणि घरात आधी कुणी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेलेलं असेल, तर वीसच्या आसपास. बहुतेक फुगे जन्मभर फुटत नाहीत. पण जो फुटतो तो बऱ्याचदा माणसाला उठू देत नाही. आधी सापडला तर मात्र इलाज आहे: चिमटा लावून किंवा आतून बारीक तारेचं वेटोळं भरून तो बंद करता येतो. पाहायचा कसा, तर एमआरआयने, सुई न टोचता.

माझा एमआरआय झाला. फुगा नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि इथेच माझ्या हातून ती गोष्ट घडली जिच्यासाठी हा लेख आहे.

आईला विचारलं. ती तेव्हा होती. खूप वेळ गप्प राहून म्हणाली, ‘ह्यांना दोनतीनदा लाल लघवी झाली होती. उन्हाळी लागली म्हणायचे. मी धण्या-जिऱ्याचं पाणी द्यायची.’ मग म्हणाली, मिरजेच्या वन्संचंही पोट असंच फुगलं होतं. ही माझी आत्या. १९८८ साली गेली. सगळे म्हणायचे, जलोदर झाला. पाच बाळंतपणं झालेली बाई. पुढे कळलं की या आजारात यकृतातल्या गाठी बायकांमध्ये जास्त वाढतात, आणि अधिक बाळंतपणं झालेल्यांत तर आणखीच. म्हणजे एकाच्या डोक्यात, दुसरीच्या पोटात, तिसऱ्याच्या रक्तदाबात, असा एकच आजार आमच्या घरात तीन वेगवेगळ्या नावांनी राहत होता. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस, तीन पिढ्यांच्या कथा रचणारा. माझ्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, भावाला घेऊन या. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी त्याला सांगितलं. पण सांगण्यासारखं सांगितलं नाही. ‘माझ्या किडनीत गाठी निघाल्यात, तूही एकदा बघून घे’ असं, चहा पिता पिता. तो म्हणाला, ‘मला काय धाड भरलीय?’ विषय संपला. वडिलांच्या डोक्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. आई ऐकत होती. तिला नवऱ्याच्या जागी रेल्वेत नोकरी मिळाली होती, पंचवीस वर्षं ती ‘संपात गेलेल्याची बायको’ म्हणून मानाने जगली होती. वर्कशॉपची मंडळी दिवाळीला येत. तिला काय सांगायचं होतं? आणि खरं बोलायचं तर, कादंबरी होती. शाळेच्या पुस्तकात तिचा उतारा घ्यायची बोलणी तेव्हा चालू होती. (घेतला नाही. असो.)

बँकेत मी काही काळ कर्जांची छाननी करत असे. आमच्याकडे एक जुनी युक्ती होती. थकलेलं खातं थकलेलं दिसू नये म्हणून त्याच गिऱ्हाइकाला नवं छोटं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुन्याचे हप्ते वळते करायचे. कागदावर खातं नियमित दिसतं. मूत्रपिंडं नेमकं हेच करतात. गाठींनी निकामी केलेल्या भागाचं काम उरलेला चांगला भाग ओढतो, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन वर्षानुवर्षं ठाकठीक येतं. माणूस म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहे. आत गाठी वाढतच असतात. अमेरिकेत २४१ रुग्णांच्या मूत्रपिंडांचा आकार एमआरआयने मोजत गेले, तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वाढ निघाली वर्षाला पाच टक्क्यांच्या थोडी वर. मी तो आकडा वाचला आणि बोटं आपोआप हलली. आम्हा बँकवाल्यांचा ७२ चा नियम असतो: ७२ ला व्याजदराने भागा, रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. साधारण साडेतेरा वर्षं. चक्रवाढ. निरोगी मूत्रपिंड दीडशे ग्रॅमच्या आसपास असतं. दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात २०१९ साली या आजाराच्या रुग्णाचं जे मूत्रपिंड काढलं, ते एकटं ७.४ किलोचं होतं.

माझं काही तेवढं झालं नाही. पण पँटचा घेर वाढत गेला आणि शाखेतली पोरं म्हणायची, साहेबांची ठेव वाढतेय. मीही हसायचो. २००६ मध्ये एकदा लाल लघवी झाली, गाठ फुटून रक्त आलं होतं; आठवडाभर पडून राहिलो, थांबलं. २०१४ साली मात्र ताप येऊ लागला. हुडहुडी भरायची, उजव्या कुशीत बोट लावू देववेना. लघवीच्या तपासणीत काही निघेना. एक गाठ पिकली होती, पण शेकडो गाठींतली कुठली? आणि अशा गाठींचं आणखी एक दुखणं असतं. त्या बंद कुप्या असतात. नेहमीची बरीचशी प्रतिजैविकं रक्तात फिरतात पण कुपीच्या आत पोचत नाहीत. आत शिरणारी औषधं निराळी, आणि ती आठवडेच्या आठवडे द्यावी लागतात. मी पाच आठवडे घेतली. मूतखडाही होतो, तो मला दोनदा झाला. हे सगळं क्रमाने सांगत बसलो तर पुरवणीची पानं अपुरी पडतील, आणि वाचकांनाही रविवार आहे.

हा आजार झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांची मूत्रपिंडं साठीच्या आसपास थांबतात. माझी बासष्टाव्या वर्षी थांबली. २०२२ पासून मंगळवार, गुरुवार, शनिवार मी माटुंग्यातच एका डायलिसिस केंद्रात चार-चार तास काढतो. ‘डायलिसिस’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो १९७५ च्या अखेरीस, जयप्रकाशजींना कैदेतून सुटल्यावर मुंबईत जसलोकमध्ये आणलं तेव्हा. मला आठवतं, आमच्या चाळीत लोक तो शब्द भीतीने उच्चारायचे. आता माझ्या शेजारच्या खुर्चीवर भाजीवाला असतो, पलीकडे कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. भेटायला येणारे शहाळं घेऊन येतात. आजाऱ्याला शहाळं न्यायचं ही आपली रीत. आणि नेमकं तेच आम्हाला वर्ज्य, त्यात पोटॅशियम भरपूर. निकामी मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि हृदय बंद पडू शकतं. सिस्टरने एक कोपराच केला आहे. दिवस संपला की ती शहाळी वॉर्डबॉय नेतात. पाणीही मोजून. किंग्ज सर्कलच्या उडप्याकडे जन्मभर फिल्टर कॉफी प्यायलो; आता अर्धा कप, तोही दिवसाच्या हिशेबात धरून.

डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टर प्रत्यारोपणाबद्दल बोलले. या बाबतीत मुंबई तशी जुनी. १९६५ साली आपल्या केईएममध्ये मृत दात्याचं मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला होता. तो रुग्ण वाचला नाही. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झालं. १९९४ च्या कायद्याने जिवंतपणी अवयव देण्यासाठी जवळचे नातलग कोण ते ठरवलं: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं त्यात आली. आता ही यादी पॉलिसिस्टिकच्या घरात लावून बघा. रक्ताचा प्रत्येक नातलग संशयित. जो प्रेमाने पुढे येतो, त्याचीच आधी झडती. माझ्या बायकोला साखर आहे, ती बाद. मुलाची सोनोग्राफी पस्तिसाव्या वर्षी केली, तो सुटला. त्याने देऊ केलं, मी नाही म्हटलं. त्यावरून आम्ही दोन महिने नीट बोललो नाही. तेवढ्यात भाऊ आला. ‘मी देतो. चर्चा नको.’

मी रोखायला हवं होतं. तेवीस वर्षांपूर्वी द्यायचा निरोप तेव्हा तरी नीट द्यायला हवा होता. पण समोर मरण दिसत असलं की माणूस लोभी होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर मी बसलो होतो. आतून तंत्रज्ञ बाईंचा आवाज आला, ‘तुम्हाला याआधी कुणी काही सांगितलं नाही का?’ मग शांतता. भाऊ बाहेर आला तो पोटावरची जेल रुमालाने पुसत. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. आम्ही चालत उडप्याकडे गेलो. त्याने काही मागवलं नाही. दहा वर्षं तो रक्तदाबाची गोळी घेत होता. देणाऱ्याने कधी पोट तपासलं नव्हतं, आणि यानेही घरचा इतिहास सांगितला नव्हता. सांगणार काय? त्याला तरी कुठे माहीत होता! बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘आता पोरींचं?’

त्याला दोन मुली.

त्या दिवशी मी त्याला वडिलांचं सगळं सांगितलं. फुगा, एमआरआय, वीस टक्के. तो ऐकत होता, आणि त्याचा चेहरा कठीण होत गेला. म्हणाला, ‘बाबा संपात गेले. तूच लिहिलंयस.’ मी म्हटलं, लिहिलं ते चुकलं. तो म्हणाला, ‘मग एवढी वर्षं चूक चालली, तर आणखी दोन वर्षं चालू दे. थोरलीचं जमतंय.’

त्याला दोष देण्याची माझी छाती नाही. आपल्याकडे स्थळ पाहताना जो कागद फिरतो त्यात उंची असते, वर्ण असतो, गोत्र असतं, नाडीसुद्धा असते. आजोबा कशाने गेले हा रकाना नसतो. तो असतो विम्याच्या अर्जात. १९८८ साली मी पहिली पॉलिसी घेतली तेव्हा लिहिलं होतं: वडील, मृत्यूसमयी वय ४४, कारण आकस्मिक. घराण्यातले आजार: नाहीत. तेव्हा ते अज्ञानाने लिहिलं. भीती ही असते की खरं लिहिलं तर विमा मिळणार नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजार म्हणून सरसकट विमा नाकारणं हा भेदभाव ठरवला, आणि त्याच वर्षी विमा नियामकांनी कंपन्यांना तशी सूचना दिली. वाद पुढे वरच्या कोर्टातही गेला. पण बँकेतल्या अनुभवावरून सांगतो, माणसं कायद्याला भीत नाहीत, शेजाऱ्याला भितात. आणि ही काही आपलीच खोड नाही. अर्मा बॉम्बेक नावाची अमेरिकन स्तंभलेखिका होती. घरसंसारातल्या गंमतींवर लिहायची, लाखो लोक वाचायचे. तिला हाच आजार विशीतच कळला होता. आयुष्यभर तिने वाचकांना स्वतःचं धुणं-भांडं सांगितलं, हे मात्र कित्येक वर्षं सांगितलं नाही. १९९६ च्या एप्रिलमध्ये प्रत्यारोपण झालं आणि त्याच महिन्यात ती गेली.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, एका शनिवारी, थोरली पुतणी केंद्रावर आली. सत्तावीस वर्षांची, नोकरी करते. स्टूल ओढून बसली. मशिनचा आवाज चालू होता. माझ्या डाव्या हातावर दोन सुया होत्या, त्यांच्याकडे न पाहता तिने विचारलं, ‘काका, आजोबा नेमके कसे गेले? कादंबरीतलं नको.’

बापाची फाईल तिने कपाटात पाहिली होती. मी तिला सांगितलं. मोरी, घण, मान, उजेड. ती मोबाईलमध्ये टिपून घेत होती, शांतपणे, बँकेत मुलाखतीला आलेल्या मुलीसारखी. शेवटी म्हणाली, ‘बाबांना मी सांगते. तुम्ही नका सांगू, तुमचं भांडण होतं.’

पुढच्या महिन्यात दोघी बहिणींची तपासणी झाली. धाकटीच्या सोनोग्राफीत काही नाही. तिचं वय चोविसच, म्हणून एमआरआयने खात्री केली. थोरलीच्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून बारा-पंधरा गाठी. रक्तदाब किंचित वर, गोळी सुरू झाली. डोक्याच्या एमआरआयमध्ये फुगा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आज नाही म्हणजे कधीच नाही असं नव्हे, काही वर्षांनी पुन्हा पाहू. माझ्या वेळी रक्तदाब सांभाळण्यापलीकडे औषध नव्हतं. आता टोलव्हाप्टॅन आहे. जपानने २०१४ मध्ये, अमेरिकेने २०१८ मध्ये त्याला परवानगी दिली. आजार बरा करत नाही, ज्यांच्या गाठी झपाट्याने वाढतात त्यांची वाढ मंदावतो. त्याने दिवसरात्र तहान लागते, लघवीला पळावं लागतं, यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. तिला द्यायचं की नाही ते अजून ठरतंय. पाच टक्क्यांचे साडेतीन झाले तर किती वर्षं मिळतील हे मी तिला काढून दाखवलं. ती म्हणाली, काका, मला येतो ७२ चा नियम.

मुलाला तिने स्वतःच सांगितलं, दादरला चौपाटीवर नेऊन. तो ठीक आहे. त्याच्या आईने विचार करायला वेळ मागितला. हे लिहितो आहे तोवर त्यांचं उत्तर आलेलं नाही. भाऊ रोज संध्याकाळी फोनकडे पाहत बसतो, असं वहिनी सांगते. माझ्याशी तो आता बोलतो, पण कामापुरतं.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी पुतणीला वाचायला दिला. ती म्हणाली, छापा. भावालाही दिला. त्याने लाल पेनने दोन वाक्यं खोडली, ती मी वगळली आहेत. संपाबद्दलचं त्याने काही खोडलं नाही. समासात फक्त लिहिलं: ‘बाबा वीस दिवस संपावर होते हे तरी खरं ना?’ खरं आहे. अगदी खरं आहे. क्वार्टर सोडावं लागलं तर जायचं कुठे म्हणून त्यांनी ट्रंकेला दोरी बांधून ठेवली होती, तीही खरी.

१९५७ साली डेन्मार्कमधल्या डाल्गार्ड नावाच्या डॉक्टरने या आजाराचे २८४ रुग्ण घेतले आणि त्यांच्या नातलगांचा माग काढत गेला. कोण कधी गेलं, कशाने गेलं. आजार पिढीतून पिढीत कसा उतरतो हे त्यातून पक्कं झालं. पुतणीला हे सांगितल्यावर तिने मोठा कागद आणला आणि आमच्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, काळा भरला की आजार. आजोबांच्या चौकोनात तिने पेन्सिलीने अर्धंच भरलं. आत्याच्या गोलाखाली पाच रेघा आल्या. पाच आतेभावंडं. त्यांच्यापैकी कुणाशी माझं वीस वर्षांत बोलणं नाही. मिरजेच्या घराच्या वाटणीवरून काहीतरी झालं होतं, काय ते आता आठवतही नाही.

रविवारी थोरल्या आतेभावाचा नंबर मिळवून फोन लावला. त्याने ओळखायला वेळ घेतला. मी सरळच विचारलं, ‘आत्याचं पोट फुगलं होतं तेव्हा कुणी फोटो-बिटो काढला होता का रे?’ पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला.

‘का विचारतोयस?’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘माझं क्रिएटिनिन वाढलंय म्हणतात. थांब, चष्मा घेतो, रिपोर्ट वाचून दाखवतो.’